रास झाली की देतो

तालुक्याच्या गावात यंदाचा हंगाम कसा गेला, हे किराणा दुकानदार खाद्यतेलाच्या विक्रीवरून सांगू शकतो. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात १५ किलोचे डबे उचलले जाऊ लागले की शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. हंगाम मध्यम असला की ५ लिटरचे कॅन जातात. हंगाम बिघडला की एक लिटरच्या पिशव्या जातात, आणि फारच बिघडला की अर्ध्या लिटरच्या. घर तेच, माणसे तीच, शिजणारी भाजीही तीच असते. एका वेळी किती पैसे बाहेर काढता येतील, एवढेच बदललेले असते. शिवाय लहान पिशवी नेणाऱ्याला तेच तेल किलोमागे महाग पडते. ज्या वर्षी पैसा कमी, त्याच वर्षी त्याच वस्तूला जास्त मोजावे लागतात, आणि हे गणित त्या घरातल्या बाईला दुकानदाराइतकेच स्वच्छ कळत असते.

माझे बालपण लातूर जिल्ह्यातल्या अशाच एका गावात, वडिलांच्या किराणा-भुसार दुकानात गेले. पुढे साखर, चहापत्ती, साबण, मिठाची पोती. मागे मोठा वजनकाटा आणि सोयाबीन-तुरीच्या कट्ट्यांची थप्पी. आईचे माहेर मात्र कोरडवाहू शेतकऱ्याचे. माझे मामा वर्षभर अशाच एका दुसऱ्या दुकानातून उधार सामान नेत आणि हंगामात आपला माल त्याच दुकानात घालत. त्यामुळे उधारीच्या वहीच्या दोन्ही बाजू मला आमच्या नात्यातच पाहायला मिळाल्या. आता दुकान माझा धाकटा भाऊ चालवतो आणि मी शहरात राहतो. शहरात ग्रामीण मागणीची चर्चा निघते तेव्हा ट्रॅक्टरची विक्री, मोटारसायकलींची नोंदणी, बिस्किटे आणि साबण यांचा खप असे आकडे समोर येतात. ते आकडे मला खोटे वाटत नाहीत, पण शेतकरी कुटुंबाच्या हातात खर्चायला पैसा कसा येतो, केव्हा येतो आणि येण्याआधीच कोणाकोणाच्या नावावर लागलेला असतो, हे त्यांतून कळत नाही. मला त्याविषयी लिहायचे आहे.

आधी एक साधा हिशेब मांडतो. आमच्या भागात जमीन एकरात असली तरी पेरणी बॅगेत मोजतात. ‘औंदा पाच बॅगा सोयाबीन हाय’ म्हटले की साधारण पाच एकर पेरा समजायचा. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. तेव्हा पाच एकरांचा शेतकरी हा सरासरीपेक्षा थोडा बराच म्हणायचा. पाऊस नीट झाला आणि एकरी ६ क्विंटल उतारा पडला, तर त्याच्याकडे ३० क्विंटल माल होतो. नांगरट, बियाणे, खत, फवारण्या, काढणीचे गुत्ते, मळणी, वाहतूक असे सगळे धरून एकरी १८ हजार खर्च मानू, म्हणजे पाच एकरांचे ९० हजार. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावाने माल गेला असता तर १ लाख ४६ हजार ७६० रुपये आले असते आणि खर्च वजा जाता ५६ हजार ७६० उरले असते. पण त्या दिवाळीच्या आधी अनेक बाजारांत भाव ४,१०० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली होता. ४,१०० ने ३० क्विंटलचे १ लाख २३ हजार होतात, आणि हातात उरतात ३३ हजार.

भाव पडला १६ टक्के. घरात उरणारा पैसा घटला जवळजवळ ४२ टक्के.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गावची बाजारपेठ चालते ती शेतकऱ्याच्या एकूण विक्रीवर नव्हे, खर्च वजा जाऊन मागे राहणाऱ्या पैशावर. बियाण्याचे, खताचे, डिझेलचे आणि मजुरीचे पैसे भाव पडला म्हणून कमी होत नाहीत; डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्याला १,३५० रुपये मोजूनच ठेवलेले असतात. सगळा तोटा त्या शेवटच्या उरलेल्या रकमेवर येऊन पडतो. लुगडे, पोरांचे कपडे, घरावरचे पत्रे, भांडी, दागिन्याचे एखादे मणी, लेकीच्या सासरचा आहेर, या सगळ्याला त्याच रकमेतून पैसे जायचे असतात. वर्तमानपत्रात ‘सोयाबीन आठशेने घसरले’ अशी बातमी येते तेव्हा तालुक्याच्या कापडदुकानदाराचे त्या वर्षीचे निम्मे गिऱ्हाईक गेलेले असते.

लोक सोयाबीनकडे वळले त्याचे कारणही पैसा हातात येण्याच्या वेळेतच होते. लातूर, हिंगोली, वाशीम या पट्ट्यात पूर्वी खरिपाची ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद अशी पिके असत. कापूस दिवाळीनंतरही वेचत राहावा लागतो, तूर जानेवारीच्या सुमारास येते. सोयाबीन मृगात पेरले की साडेतीन महिन्यांत निघते आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर नगद होते. सण, उधारीची फेड, रब्बीची पेरणी, मुलांच्या शिकवणीची फी आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लगीनसराई, या सगळ्यांच्या आधी पैसा देणारे, मूग-उडीद सोडले तर, दुसरे पीक या जमिनीत नव्हते. त्याच्याबरोबर बाजारपेठेचे वेळापत्रकही बदलले. दुकानदार भाद्रपदातच माल भरू लागले. कापडवाले सोलापूर-इचलकरंजी-सुरतेहून गठ्ठे आणू लागले. वर्षाच्या धंद्यातला मोठा हिस्सा सहा-सात आठवड्यांत होऊ लागला, आणि तेवढ्या काळासाठी गावातला प्रत्येक माणूस, मग त्याच्याकडे गुंठाभर जमीन नसली तरी, मोबाइलवर लातूर बाजार समितीचा भाव पाहू लागला.

पण ज्या गुणामुळे हे पीक आले तोच त्याचा धोका ठरला. सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यात निघतो, आणि सगळ्यांना पैशाची निकड एकाच वेळी असते. कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची बाकी, किराण्याची बाकी, काढणाऱ्या मजुरांचे पैसे. मळणी होऊन रास पडली की माल दोन दिवसही घरात न ठेवता विकणारी घरे आमच्याकडे कितीतरी आहेत. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीनने क्विंटलला १० हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा शहरात राहणारे नातेवाईक मामांना फोन करून विचारत, ‘मग यंदा चांदीच की!’ मामांच्या घरात तेव्हा एकही कट्टा नव्हता. आदल्या दिवाळीत चार हजारांच्या आसपास गेलेला तो माल. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आलेला होता. १० हजारांचा भाव ज्यांनी खरोखर हातात घेतला, असे शेतकरी बोटांवर मोजण्याइतके. पण त्या भावाकडे पाहून पुढच्या वर्षी बॅगा वाढवणारे मात्र गावोगाव.

अशा व्यवस्थेत वर्षाचे उरलेले दहा महिने घर चालते ते उधारीवर. उधारी हा शब्द शहरात जरा कमीपणाने उच्चारला जातो. आमच्याकडे तो बाजारपेठेचा पाया आहे. पोळ्याच्या आधी गिऱ्हाईक येते, बैलांसाठी वेसण, कासरा, म्होरकी, घुंगरमाळ, झुलीचे कापड घेते, सोबत पुरणाची डाळ आणि गूळ घेते, आणि म्हणते, ‘शेठ, रास झाली की देतो.’ या वाक्यावर हजारो रुपयांचा माल दुकानातून बाहेर जातो. कागद नाही, जामीन नाही. वडील माणसाकडे पाहून उधारी देत, पण त्याच्या शेताकडेही पाहून देत. ऑगस्टमध्ये एकवीस दिवस पाऊस उघडला की ते न बोलता वहीची पाने उलटत बसत, आणि त्यानंतर उधारीला येणाऱ्याला ‘थोडं बघू’ असे उत्तर मिळू लागे. एकाच वेळी गावातल्या सगळ्या दुकानांतून हे उत्तर मिळू लागते, तेव्हा पीक अजून शेतात उभे असूनही घराची खरेदी निम्म्यावर येते.

या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. जो दुकानदार उधार देतो तोच बहुतेक वेळा माल घेतो. उधारी घेतलेल्या शेतकऱ्याला तालुक्याच्या अडतीत जाऊन लिलावात माल घालण्याची मोकळीक राहत नाही; खेडा खरेदीत क्विंटलमागे शे-दोनशे रुपये कमी मिळतात, ओलाव्याची आणि मातीची कटती वेगळी. वहीत व्याजाचा रकाना नसतो, पण व्याज या फरकातून वसूल होत असते. आमचे दुकान याला अपवाद नव्हते. आणि तरीही, बँकेचे पीककर्ज जुलै उलटला तरी हातात न पडणाऱ्या माणसाला जूनमध्ये साखर-पत्ती देणारा तोच एक माणूस होता, हेही तितकेच खरे आहे.

दुकानदार आणि शेतकऱ्याचे हे नाते किती जुने आहे, आणि ते कशाने तुटते, याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव चढले. दख्खनच्या रयतेला तेव्हा उसने पैसे सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने जमीनमहसूल वाढवला, आणि सावकार-दुकानदारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी दुकानदार-सावकारांकडचे रोखे आणि हिशेबाच्या वह्या मागितल्या, जाळल्या. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरला. १८७९ मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. शाळेत हा धडा सावकारी पाशाचा म्हणून शिकवतात, आणि तो तसा आहेच. पण दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलाला त्यात आणखी काही दिसते. पाश वर्षानुवर्षांचा होता. भाव पडून उधारीचे दार बंद झाले, तेव्हा तो असह्य झाला. मिठापासून बियाण्यापर्यंत सगळे ज्या एका दारातून येत होते ते दारच मिटले होते.

आपल्या आठवणीतला असा प्रसंग म्हणजे २०१६ चा नोव्हेंबर. ८ तारखेला ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा सोयाबीन नुकतेच विकले गेले होते आणि वर्षाची सगळी नगद घराघरांत नेमक्या त्याच नोटांत होती. आठवडाभरात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली, आणि खेड्यातल्या बहुतेकांचे खाते त्याच बँकेत. अडतवाले धनादेश देऊ लागले. धनादेश वटायला पंधरा दिवस, पैसे काढायला रांग. त्या हिवाळ्यात आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका संध्याकाळी माल तसाच परत नेताना मी पाहिल्या आहेत. किराणा दुकानांनी मात्र वहीवर माल देणे थांबवले नाही. थांबवले असते तर गिऱ्हाईक कायमचे तुटले असते, हा स्वार्थ त्यात होता. पण त्या दोन-तीन महिन्यांत खेडी उपाशी राहिली नाहीत त्याचे बरेचसे श्रेय त्या वह्यांना आहे, असे मला ठामपणे वाटते.

आता तेलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शेतकऱ्याच्या खरेदीशक्तीवर सरकारी धोरणाचा परिणाम कसा होतो हे त्यात सर्वांत उघड दिसते. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. तेल महागले की शहरात ओरड होते आणि सरकार आयातशुल्क उतरवते. २०२१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे नवे सोयाबीन बाजारात येत असतानाच, कच्च्या सोयाबीन तेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावर आणले गेले आणि उपकर धरून एकूण भार ५.५ टक्के उरला. ग्राहकाला दिलासा, असे त्याचे वर्णन झाले. शेतकऱ्याचे घरही ग्राहकच आहे, तेव्हा त्याच्या दिलाशाचा हिशेब करून पाहू. पाच माणसांच्या घरात महिन्याला ४ किलो तेल लागते असे धरले, तर वर्षाला ४८ किलो. तेल किलोमागे ३० रुपयांनी स्वस्त झाले तर त्या घराचे वर्षाला १,४४० रुपये वाचतात. आणि वर मांडलेल्या हिशेबात ३० क्विंटल सोयाबीनवर त्याचे गेले २३ हजार ७६०. हा दिलासा ज्याने दिला त्याने शेतकऱ्याला केवळ विकत घेणारा समजले, विकणारा समजलेच नाही.

अर्थात शुल्क वाढवले की भाव चढतो, इतके ते सोपेही नाही. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरचा एकूण भार २७.५ टक्क्यांवर नेला गेला. दुकानात तेल लगेच महागले, पण सोयाबीन हमीभावाखालीच राहिले. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते. बाकी मुख्यतः पेंड. पेंडीला उठाव नसेल तर नुसत्या तेलाच्या जोरावर बी वर जात नाही, आणि मक्यापासून इथेनॉल काढताना उरणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. त्या दिवाळीला आमच्या गिऱ्हाइकांनी स्वस्त सोयाबीन विकून महाग तेल नेले. विकताना आणि घेताना अशा दोन्ही वेळी एकाच हंगामात कमी पडणारे दुसरे कोणते कुटुंब मला तरी ठाऊक नाही. पुढच्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचा भार पुन्हा १६.५ टक्क्यांवर आला.

शेतीतून उरत नाही, मग घरे चालतात कशी, हा प्रश्न साहजिक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात मजुरी आणि पगाराचे ४,०६३ रुपये होते, पिकाचे ३,७९८. शेतकरी म्हणून ज्याची गणना होते त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त, हे त्या पाहणीने कागदावर आणले. दुकानात ते आधीच दिसत होते. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा फोनवरून पैसे पाठवतो आणि आई तेवढ्यापुरता किराणा नेते, हे दृश्य आता नेहमीचे आहे.

थोडा पण नेमाने येणारा पैसा बाजारात वेगळ्या रस्त्याने फिरतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत दर दहा दिवसांनी दुधाचे बिल होते, म्हणून तिथल्या दुकानात उधारी दहा दिवसांची असते. आमच्याकडे ती हंगामाची. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले तेव्हा आमच्या बाजारपेठेने असा मासिक पैसा बहुधा पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात पाहिला. त्या योजनेच्या राजकारणाविषयी आणि राज्याच्या तिजोरीवरच्या ओझ्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मी फक्त पैसा कुठे गेला ते सांगतो. तो कासाराकडे गेला, चपलांच्या दुकानात गेला, दप्तरांवर, स्टीलच्या डब्यांवर, दवाखान्याच्या राहिलेल्या औषधांवर गेला. सोयाबीनचा पैसा पुरुषाच्या हातात एकदम येतो आणि कापड, सोने, पत्रे, सिमेंट यांवर किंवा जुन्या बाकीवर जातो. बाईच्या खात्यातले दीड हजार रुपये घरात रोज जाणवणारी पण हंगामाच्या यादीत कधीच न बसणारी कमतरता भरून काढतात. चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचे तीन वर्षे राहून गेले होते, असे एका बाईंनी दुकानात सांगितले, आणि वर्षाला दीड-दोन लाखांचे पीक काढणाऱ्या घरातल्या त्या होत्या.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि तिची मला काळजी वाटते. मोबाइल, फ्रीज, मोटारसायकल हे सगळे आता तालुक्यातही ‘फायनान्सवर’ मिळते. हप्ता महिन्याचा, काही गटांचा तर आठवड्याचा. पैसा वर्षातून एकदा आणि हप्ता महिन्याला, हे गणित मुळातच जुळत नाही. जुळवायचे तर एका हप्त्यासाठी दुसरीकडून घ्यावे लागते. किराण्याचा शेठ ‘रास झाल्यावर दे’ म्हणत होता, हप्ता वसूल करणारा मुलगा तसे म्हणू शकत नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. मग किराण्याची बाकी मागे पडते आणि हप्ता पुढे जातो. भावाच्या वहीत जुनी येणी वाढत चालली आहेत ती यामुळेच. दुसरीकडून मोठी मार्ट आली आहेत, लख्ख उजेडाची, छापील किमतीपेक्षा दोन रुपये कमी घेणारी. हातात रोकड असली की गिऱ्हाईक तिकडे जाते आणि नसली की वहीकडे येते. रोखीचा नफा एकाकडे आणि उधारीचा धोका दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी फार वर्षे चालणार नाही. लहान दुकाने मिटतील, आणि मग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शेतकऱ्याला साखर-पत्ती कोण देणार, याचे उत्तर मार्टकडे नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये हे सगळे एकाच आठवड्यात एकत्र आले. २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू आणि सेवा कराचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ वर आली, ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. भावाने दुकानात नवे दर लिहिलेला फलक लावला. त्याच दिवसांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याने धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सीनाकाठची पिके पाण्याखाली घातली. काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, कित्येकांची जमीनच वरच्या मातीसकट खरडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींच्या मदतीची घोषणा केली. दिवाळी होती २० तारखेच्या पुढे. करकपातीमुळे साबणाच्या वडीवर वाचणारे तीन-चार रुपये कोणाला नको होते असे नाही, पण घ्यायलाच जे आले नाहीत त्यांना त्या दराचा उपयोग नव्हता. त्या महिन्यात भावाने पणत्या आणि रांगोळीसुद्धा वहीवर दिल्या.

पूर कोणाला थांबवता येत नाही. पण चांगल्या वर्षातही जो पैसा केवळ उशिरामुळे बुडतो, तो थांबवता येतो, असे मला वाटते. हमीभावाची खरेदी केंद्रे नावनोंदणी, बारदाना आणि ओलावा यांत अडकून पडतात. सोयाबीन घ्यायला १२ टक्क्यांच्या आत ओलावा लागतो, आणि पावसात काढलेल्या मालात तो क्वचितच असतो. २०२४ मध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली, ती नोव्हेंबरच्या मध्याला. दिवाळी तोवर होऊन गेली होती, आणि निकडीचा माल व्यापाऱ्याकडे पोचला होता. त्या हंगामात राज्यात सरकारी खरेदी मोठी झाली, पण तिचा लाभ थांबू शकणाऱ्यालाच मिळाला. वाळवणीसाठी गावात एक पक्के खळे, ओलावा मोजण्याचे एक यंत्र ग्रामपंचायतीत, आणि केंद्र दसऱ्याला उघडे, एवढे झाले तरी पुष्कळ फरक पडेल. उसाच्या बाबतीत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यांवर घातले आहे आणि उशीर झाल्यास व्याज लावले आहे. ते नेहमी पाळले जात नाही, पण मागायला कायदा तरी हातात असतो. सोयाबीन घालणाऱ्याच्या हातात तसे काही नाही. दसरा ते लक्ष्मीपूजन यांत साधारण २० दिवस असतात. दसऱ्याला माप झाले आणि १४ दिवसांत रक्कम खात्यावर पडली, तर मधे आठवडाभर उरतो. त्या आठवड्यात आधी कृषी सेवा केंद्राची बाकी जाईल, मग किराण्याची, आणि ४,१०० ऐवजी हमीभावाने माल गेला असेल तर कापडदुकानाची पायरी चढण्याइतके पैसे पाच बॅगांच्या घरात शिल्लक राहतील.